धातूच्या विहिरीतून इलेक्ट्रॉन उपसायचे कसे?

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या संशोधकांनी करोना विषाणूचं छायाचित्र प्रसिद्ध केलं. देशातल्या पहिल्या, केरळमधल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात त्यांना ७५ नॅनोमीटरचा एक करडा गोळा आणि त्याभोवतीची काट्यांची झालर दिसली होती. पुढे वर्षभर वर्तमानपत्रांत लाल-हिरव्या विषाणूंची चित्रं झळकत राहिली. त्यांतले रंग मागाहून भरलेले असतात. इलेक्ट्रॉनला रंग कळत नाही, त्यामुळे अस्सल चित्र करडंच निघतं.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकात साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं सगळं एकमेकांत मिसळून जातं. एक लाख व्होल्टनं धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र ०.००३७ नॅनोमीटर भरते. म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरायचे, इथपर्यंतचं स्पष्टीकरण बहुतेक बातम्यांत येतं आणि तिथेच थांबतं. हे इलेक्ट्रॉन आणतात कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. यंत्राची किंमत, बरीचशी डोकेदुखी आणि चित्राचा दर्जा हे सगळं मात्र त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

इलेक्ट्रॉन मोकळे असतात, मग ते आपोआप बाहेर का येत नाहीत?

तांब्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात हे शाळेत शिकवतात. ते मोकळे आहेत ते धातूच्या आत. पृष्ठभागाबाहेर पडू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला मागे उरलेला धन भार परत खेचतो. विहीर डोळ्यांपुढे आणा. पाणी आत हवं तसं हिंदकळतं, पण पातळी कठड्याच्या बरीच खाली आहे. पाण्याच्या पातळीपासून कठड्यापर्यंतची ही उंची म्हणजे त्या धातूचं 'वर्क फंक्शन'. पुढे त्याला कठड्याची उंचीच म्हणू.

ती मोजतात इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. एक व्होल्टचा फरक ओलांडताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. टंगस्टनचा कठडा ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच, सिझियमचा २.१. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे एकेका इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येते ती ऊर्जा एक चाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. भाकरीच्या तापलेल्या तव्यात ती जेमतेम दुप्पट होते. एवढ्या बळावर ४.५ चा कठडा ओलांडणं व्यवहारात अशक्य, म्हणून तव्यातून इलेक्ट्रॉन उडत नाहीत.

बाहेर काढायच्या तऱ्हा चार. विहीर इतकी तापवायची की थोडं पाणी वाफ होऊन कठड्यावरून जाईल. प्रकाशाच्या पोहऱ्यानं एकेक थेंब वर काढायचा. वरून दगड टाकून शिंतोडे उडवायचे. किंवा कठडाच इतका पातळ करायचा की पाणी आरपार पाझरेल. गंमत म्हणजे एका साध्या स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे एसईएममध्ये, यांतल्या तीन तऱ्हा एकाच वेळी चालू असतात.

तापवलेली तार: जुनी, स्वस्त आणि हट्टी

दिव्याच्या फिलामेंटमधून निर्वात पोकळीत काहीतरी वाहतं हे एडिसनच्या १८८० च्या दशकातच लक्षात आलं होतं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायचा होता. तो १८९७ साली लागला. तापमान आणि प्रवाह यांचं नेमकं नातं १९०१ मध्ये ओवेन रिचर्डसन यांनी मांडलं आणि त्यासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. जुन्या डबा-टीव्हीची पिक्चर ट्यूब याच तत्त्वावर चालायची. दातांच्या दवाखान्यातली क्ष-किरण नळी आणि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन आजही त्यावरच चालतात.

रिचर्डसनच्या नियमातली मेख अशी की प्रवाह तापमानाच्या प्रमाणात वाढत नाही, तो उसळतो. टंगस्टन २७०० केल्विनला दर चौरस सेंटिमीटरमधून सुमारे पावणेदोन अँपिअर देतं. २८०० ला तोच आकडा दुपटीच्या वर जातो. तापमान चार टक्क्यांनी वाढलं आणि उत्पन्न दुप्पट झालं, म्हणजे सौदा फायद्याचा वाटतो. पण त्याच शंभर अंशांत टंगस्टनची वाफ होण्याचा वेग तिपटीहून अधिक होतो, आणि तार लवकर मरते.

टंगस्टनच का, सिझियमचा कठडा तर निम्म्याहून बुटका आहे? कारण सिझियम साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअसला वितळतं; मे महिन्यात कपाटात ठेवलं तरी त्याचं पाणी होईल. टंगस्टन ३६९५ केल्विनपर्यंत तग धरतं. त्याचा कठडा उंच असला तरी विहीर ढासळत नाही.

एसईएमच्या गनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागात, ही तार साधारण दशांश मिलिमीटर जाडीची, केसाच्या पिनेसारखी दुमडलेली असते. इलेक्ट्रॉन निघावेत ते दुमडीच्या टोकातून. तारेवर समजा उणे वीस हजार व्होल्ट असतात आणि खालची अॅनोडची चकती शून्यावर, म्हणून इलेक्ट्रॉन खाली झेपावतात. तारेभोवती 'वेनेल्ट' नावाची टोपी असते, तिच्या मधोमध छोटं भोक. ही टोपी तारेपेक्षाही काहीशे व्होल्टनं अधिक ऋण ठेवतात. तिचं काम नळाच्या तोटीचं: कडेनं निघणारे इलेक्ट्रॉन ती मागे रेटते आणि मधल्यांना एका ठिपक्यात गोळा करते. तो ठिपका ३० ते १०० मायक्रोमीटरचा, म्हणजे जवळजवळ केसाइतका. पुढचे सगळे लेन्स त्याच ठिपक्याची लहान लहान प्रतिमा करत नेतात.

मग तार जास्तीत जास्त तापवली तर काय बिघडतं?

नवशिक्या ऑपरेटरची ही हमखास चूक. तापवण्याचा प्रवाह हळूहळू वाढवत गेलं की सुरुवातीला बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, वाढतो, मग एकदा किंचित घसरतो, पुन्हा चढतो आणि शेवटी सपाट होतो. पहिला चढ फसवा. टोकाआधी तारेची दुसरी एखादी जागा तापून इलेक्ट्रॉन सोडू लागते आणि ऑपरेटरला वाटतं काम झालं. खरं ठिकाण म्हणजे सपाटी जिथे सुरू होते तो गुडघा. त्याला 'सॅच्युरेशन' म्हणतात.

सपाटी येते ती वेनेल्टमुळे. तारेतून जास्त इलेक्ट्रॉन निघाले की टोपीचं ऋण व्होल्टेज आपोआप वाढतं आणि तोटी आवळली जाते. म्हणून गुडघ्याच्या पुढे प्रवाह वाढवून बीममध्ये काहीच भर पडत नाही, फक्त तार झिजते. नीट वापरलेली तार ५० ते १०० तास चालते. हात सैल सोडला तर दोन दिवसांत जाते.

तिचं मरणही वाचता येतं. बाष्पीभवनानं एखादी जागा किंचित बारीक होते. तिथला विद्युतरोध वाढतो, म्हणून तीच जागा जास्त तापते आणि आणखी बारीक होते. अशी निमुळती होत तुटलेली तार म्हणजे पूर्ण आयुष्य जगलेली. तुटलेल्या टोकांना वितळलेले गोळे दिसले तर तिला जास्त तापवलेलं असतं. तार लांबवर खरवडल्यासारखी आणि टोपीच्या आत निळसर-पांढरी पूड असेल तर निर्वात खराब होता: गळती असेल, किंवा गरम तारेवर हवा सोडली असेल. उरलेली पाण्याची वाफसुद्धा पुरते. ती टंगस्टनचा ऑक्साइड करते, तो उडून टोपीवर बसतो आणि तार पोखरत जाते.

त्यामुळे तार बदलताना गनचा स्तंभ काही मिनिटं थंड होऊ द्यायचा आणि मगच हवा सोडायची. टोपी धातूच्या पॉलिशनं घासून, नंतर अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथ देऊन कोरडी करायची. हातमोजे विसरायचे नाहीत, कारण बोटाचं तेल निर्वातात वाफाळतं, त्याचा कार्बन साचतो आणि उच्च व्होल्टेजखाली तिथून ठिणग्या उडतात. कापसाचा एक धागा राहिला तरी तेच. नवी तार टोपीच्या भोकाच्या बरोबर मध्यावर हवी. ती एका बाजूला सरकली तर पुढे कितीही अलाइनमेंट केली तरी बीम मंदच राहतो.

कठडा बुटका असलेला, पण तापमान सोसणारा एक पदार्थ आहे: लँथनम हेक्झाबोराइड, प्रयोगशाळेच्या भाषेत 'लॅब सिक्स'. जांभळसर स्फटिक, कठडा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १८०० केल्विनलाच तो टंगस्टनच्या साधारण दहापट तेज देतो आणि हजार तासांच्या आसपास टिकतो. पण तो नाजूक. झटकन तापवला तर तडकतो, म्हणून प्रवाह सावकाश चढवायचा आणि उतरवायचाही सावकाश. ऑक्सिजन लागला की पृष्ठभाग 'विषारतो' आणि उत्सर्जन बसतं. टंगस्टनला पास्कलच्या हजाराव्या भागाइतका दाब चालतो. याला तो शंभरपट कमी लागतो.

इलेक्ट्रॉन कमी पडले तर चांगला लेन्स लावून भागणार नाही का?

नाही, आणि सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. गनचा कस तिच्यातून किती इलेक्ट्रॉन निघतात यावर ठरत नाही. किती लहान जागेतून आणि किती अरुंद कोनात निघतात यावर ठरतो. याला 'ब्राइटनेस' म्हणतात. तो लेन्सनं वाढवता येत नाही. भिंगानं सूर्याचा ठिपका लहान करता येतो, पण ठिपका जितका लहान, तितके किरण तिरके येतात. इलेक्ट्रॉनच्या लेन्समध्ये तिरके किरण नीट एका बिंदूवर येत नाहीत, म्हणून ते छिद्राच्या चकतीनं कापून टाकावे लागतात. शेवटी तारेतून १०० मायक्रोअँपिअर निघाले तरी नमुन्यावर पोचतात १०० पिकोअँपिअर, म्हणजे दहा लाखांतला एक.

हे का जाणवतं ते एका हिशेबात दिसेल. बीम १० पिकोअँपिअरचा आहे आणि चित्राच्या एकेका ठिपक्यावर तो एक मायक्रोसेकंद थांबतो. तेवढ्या वेळात तिथे पडतात सरासरी ६२ इलेक्ट्रॉन. पहिल्या पावसाचे थेंब अंगणातल्या फरश्यांवर मोजून पाहा: कुठे जास्त, कुठे कमी, सारखे कधीच नाहीत. ६२ इलेक्ट्रॉनमध्ये हा चढ-उतार सुमारे आठचा असतो, म्हणजे तेरा टक्के. चित्रात तो मुंग्या फिरल्यासारखा दिसतो. उपाय दोन: ठिपक्यावर जास्त वेळ थांबायचं, नाहीतर तेच इलेक्ट्रॉन लहान जागेतून सोडणारा स्रोत आणायचा. पहिला उपाय फुकट आहे, पण तेवढ्या वेळात नमुना सरकतो किंवा जळतो.

कठडा पातळ करणारी सुई

इथे विहिरीची उपमा लंगडी पडते, तेव्हा ती सावधपणे वापरू. धातूच्या पृष्ठभागावर प्रचंड विद्युतक्षेत्र लावलं की कठड्याची बाहेरची बाजू तिरकी उतरते आणि पातळी जिथे आहे तिथे कठडा एखाद-दोन नॅनोमीटर जाडीचा उरतो. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार जातात, वर न चढता. मातीच्या बांधातून पाणी पाझरतं ते भोकांतून. इथे भोक नसतं. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो आणि तरंगाची शेपटी भिंतीपलीकडे थोडी उरते, एवढंच रोजच्या भाषेत सांगता येतं. राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये याचं गणित मांडलं.

त्यासाठी लागतं दर नॅनोमीटरला काही व्होल्टचं क्षेत्र. हवेत ठिणगी पडायला जेवढं लागतं, त्याच्या हजारपटीहून जास्त. एवढं आणायचं तर अणकुचीदारपणाचा फायदा घ्यायचा. टंगस्टनची तार रसायनानं झिजवून टोकाची त्रिज्या १०० नॅनोमीटर केली, तर तीनेक हजार व्होल्टमध्ये काम होतं. तापवायची गरज नाही. इलेक्ट्रॉन जणू तीन-पाच नॅनोमीटरच्या बिंदूतून निघतात. ब्राइटनेस तापवलेल्या टंगस्टनच्या हजारपट आणि त्याहूनही वर जातो. सगळ्यांचा वेगही जवळपास सारखा: ऊर्जेतला फरक ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत, तर तापवलेल्या तारेत तो एक ते तीन. अल्बर्ट क्रू यांनी शिकागोत अशीच थंड सुई वापरून १९७० मध्ये एकेकट्या जड अणूंची चित्रं घेतली.

अशाच सुईचं एक भारतीय नातंही आहे. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे अणू प्रत्यक्ष पाहिले. त्यांनी सुई धन भाराची ठेवून इलेक्ट्रॉनऐवजी वायूचे आयन उडवले होते, पण टोकाशी क्षेत्र एकवटायची युक्ती तीच.

इतकी चांगली आहे, तर सगळीकडे थंड सुईच का नाही?

निर्वातामुळे. पास्कलच्या दहा हजाराव्या भागाइतका दाब असला तरी स्वच्छ पृष्ठभागावर वायूच्या रेणूंचा एक पूर्ण थर बसायला सेकंदभर पुरतो. सुईच्या टोकावर एक रेणू चिकटला तरी तिथला कठडा बदलतो आणि बीम थरथरतो. म्हणून दाब आणखी दहा हजारपट खाली, पास्कलच्या दहा कोटीव्या भागापर्यंत न्यावा लागतो. तिथे हाच थर बसायला तीनेक तास लागतात. तेवढ्यानंतरही प्रवाह घसरतोच, मग सुई काही सेकंद कडक तापवून झाडून घ्यायची. याला 'फ्लॅश' करणं म्हणतात. जास्त फ्लॅश केलं की टोक बोथटतं.

मधला मार्ग आज जास्त चालतो. टंगस्टनच्या सुईवर झिर्कोनियम ऑक्साइड पसरवून कठडा २.९ पर्यंत उतरवतात, सुई १८०० केल्विनला तापवतात आणि वर जोरदार क्षेत्र लावून कठडा आणखी एखाद इलेक्ट्रॉन-व्होल्टनं दाबतात. पाझर नव्हे; बुटक्या केलेल्या कठड्यावरून जाणारी वाफच. ही 'शॉट्की' गन. गरम असल्यानं रेणू टोकावर बसत नाहीत, बीम तासन्‌तास स्थिर राहतो. अट एकच: ती बंद करायची नाही. वर्ष-दीड वर्ष ती रात्रंदिवस तापलेली असते, आणि झिर्कोनियमचा साठा संपला की बदलायची. वीज गेली तर तापलेल्या सुईभोवतीचा दाब चढू नये, म्हणून गन आणि तिचे आयन पंप यूपीएसवर ठेवतात. बॅटऱ्या कधी बदलल्या होत्या हे कोणालाच आठवत नाही, तिथे नव्या सुईचा खर्च वेळेआधीच पुन्हा होतो.

नमुन्यावर आदळल्यावर काय दिसतं?

आता दगड टाकून शिंतोडे उडवायची तऱ्हा. बीमचा इलेक्ट्रॉन नमुन्यात घुसतो आणि वाटेत तिथल्याच इलेक्ट्रॉनना धक्के देतो. ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचे हे दुय्यम इलेक्ट्रॉन दुबळे असतात. वरच्या काही नॅनोमीटरमधून निघतील तेवढेच बाहेर पडतात. म्हणून त्यांच्यापासून पृष्ठभागाचं चित्र मिळतं, आणि कडा उजळ दिसतात, कारण कडेला बाहेर पडायला दोन बाजू असतात.

ते पकडायची १९६० ची एव्हरहार्ट-थॉर्नली यांची रचना अजून वापरात आहे. दोन-तीनशे व्होल्टची जाळी त्यांना ओढते, दहा हजार व्होल्टवरच्या चकतीवर ते आपटून प्रकाश पाडतात आणि तो प्रकाश नळीवाटे फोटोमल्टिप्लायरमध्ये जातो. तिथे पोहऱ्याची तऱ्हा: प्रकाशाचा एक कण बुटक्या कठड्याच्या पडद्यातून एक इलेक्ट्रॉन काढतो. तो पहिल्या पट्टीवर आदळून समजा चार काढतो, चारांचे सोळा होतात. दहा पट्ट्यांनंतर एकाचे १०,४८,५७६. हीच नळी आकाशाकडे वळवली तर दुर्बीण होते: मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं लडाखमध्ये हानले इथे उभारलेल्या मेस दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात अशा १०८८ नळ्या आहेत.

हा किरणोत्सर्ग आहे का? आणि धातू संपत कसा नाही?

फिलामेंटमधून निघणारे इलेक्ट्रॉन अणूच्या केंद्रातून आलेले नसतात, त्यामुळे हा किरणोत्सर्ग नव्हे. पण ते वेगानं आदळले की क्ष-किरण तयार होतात. म्हणून स्तंभाच्या धातूच्या भिंती जाड असतात. उच्च व्होल्टेज बंद केलं की क्ष-किरण त्याच क्षणी थांबतात. त्यांचा उपयोगही आहे: त्यांच्या ऊर्जेवरून नमुन्यात लोखंड आहे की क्रोमियम हे कळतं.

तार संपते ती अणू उडाल्यानं, इलेक्ट्रॉन गेल्यानं नाही. सेकंदाला सहाशे लाख कोटी इलेक्ट्रॉन बाहेर पडले तरी वीजपुरवठा तेवढेच मागून भरत राहतो, विहिरीच्या झऱ्यासारखा. नमुन्याकडे मात्र बघावं लागतं. प्लॅस्टिक, कापूस, कीटक यांच्यात आलेले इलेक्ट्रॉन वाहून जायला वाट नसते, भार साचतो आणि चित्र पांढरं फटक पडून सरकतं. म्हणून त्यांच्यावर दहाएक नॅनोमीटर सोन्याचा थर देतात, किंवा व्होल्टेज हजारपर्यंत उतरवतात.

आणि इथे गन पुन्हा आडवी येते. कमी व्होल्टेजला तापवलेल्या टंगस्टनचा ब्राइटनेस व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो, शिवाय ऊर्जेतला दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा विस्कळीतपणा एक हजारात जास्त टोचतो. सोनं न लावता कीटकाच्या डोळ्यावरचे बारकावे पाहायचे असतील तर सुई हवी. तुटलेल्या बोल्टचा भंग पाहायचा आणि त्यात काय मिसळलंय ते क्ष-किरणांनी तपासायचं असेल, तर जुनी टंगस्टनची तार पुरते. तिथे भरपूर आणि स्थिर प्रवाह लागतो, आणि तो ती मुकाट्यानं देते.